पडद्यामागची मोडतोड

आंघोळ होते, कानात पाणी जातं, माणूस करंगळी कानात घालून जोरात हलवतो आणि झटक्यात बाहेर काढतो. त्या क्षणी कानात सणकन कळ येते, दडा बसल्यासारखं होतं आणि ऐकू कमी येऊ लागतं. ओलं बोट कानाच्या नळीत घट्ट बसलेलं असतं. ते ओढलं की आतली हवा खेचली जाते, तिच्याबरोबर पडदा बाहेरच्या बाजूला ताणला जातो आणि पडद्याला चिकटलेल्या चिमुकल्या हाडाची दांडी मोडते. कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या नियतकालिकांत अशा रुग्णांच्या बऱ्याच नोंदी आहेत. त्यांतल्या अनेकांची तक्रार सुरुवातीला कोणी मनावर घेतलेली नसते, कारण कानात बॅटरीचा उजेड टाकून पाहावं तर पडदा शाबूत, रक्त नाही, सूज नाही. मग कानात टाकायचे थेंब लिहून दिले जातात.

मधल्या कानाच्या हाडांच्या दुखापतींची बहुतेक हकीकत अशीच असते. बाहेरून काही दिसत नाही आणि आत मात्र साखळी तुटलेली असते. या दुखापती ओळखण्याचं आणि दुरुस्त करण्याचं शास्त्र गेल्या सत्तर वर्षांत चांगलं पक्व झालं आहे. घोडं अडतं ते रुग्ण त्या शास्त्रापर्यंत पोहोचण्याआधीच.

ही तीन हाडं शाळेच्या पुस्तकामुळे सगळ्यांना नावानिशी माहीत असतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. हातोडी जेमतेम ८ मिलिमीटर लांब असते. हातोडी आणि ऐरण यांचं वजन प्रत्येकी २५ मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. रिकीब ३ मिलिमीटरच्या थोडी वर आणि वजनाला ३ मिलिग्रॅमच्या घरात. शरीरातलं सगळ्यांत लहान हाड ते हेच. विशेष म्हणजे बाळ जन्मतं तेव्हाच ही हाडं जवळजवळ पूर्ण वाढलेली असतात. युरोपातल्या शरीरशास्त्रज्ञांना हातोडी आणि ऐरण सोळाव्या शतकाच्या आरंभी सापडल्या. व्हेसालियसच्या १५४३ च्या गाजलेल्या ग्रंथात त्या दोघी आहेत, रिकीब नाही. ती १५४६ च्या सुमारास नेपल्समध्ये इनग्रासियाच्या नजरेस पडली. हाड इतकं बारीक की शरीर उघडून बसलेल्या माणसांनाही ते दिसायला वेळ लागला.

त्यांचं काम काय, हे समजलं की दुखापतीचं गणित उलगडतं. आवाज हवेतून येतो, पण आतल्या कानात द्रव असतो. हवेतला ध्वनी थेट द्रवावर आदळला तर त्यातली सुमारे ९९.९ टक्के ऊर्जा परत फिरते. पडद्याचा कंप पावणारा भाग सुमारे ५५ चौरस मिलिमीटर असतो आणि रिकिबीचा तळ साधारण ३.२ चौरस मिलिमीटर. मोठ्या पृष्ठभागावर गोळा झालेला जोर सतरापट लहान पृष्ठभागावर एकवटतो. त्यात हातोडी आणि ऐरणीच्या तरफेमुळे आणखी १.३ पटींची भर पडते. एकूण दाब जवळपास २२ पट वाढतो आणि हवेतून द्रवात जाताना जे गमवायचं त्यातलं बरंचसं भरून निघतं. या तरफेचं यंत्रशास्त्र जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं १८६८ साली मांडलं. पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या, पण मूळ कल्पना टिकली.

इथे एक गंमत आहे आणि ती निदानाच्या कामी येते. पडदाच नाही आणि हाडंही गेली, अशा कानाला साधारण ४० ते ५० डेसिबलचा तोटा होतो. पण पडदा धडधाकट आणि आतली साखळी मात्र पूर्ण तुटलेली असेल तर तोटा ६० डेसिबलपर्यंत जातो. म्हणजे शाबूत पडदा अशा वेळी उपकारक ठरण्याऐवजी आवाजाच्या वाटेत भिंत होऊन उभा राहतो. लंडनचा शल्यचिकित्सक ॲस्टली कूपर यानं १८०० च्या सुमारास पडदे नष्ट होऊनही बऱ्यापैकी ऐकू येणाऱ्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याचं वर्णन रॉयल सोसायटीपुढे ठेवलं, तेव्हा विद्वानांना आश्चर्य वाटलं होतं. पडदा म्हणजेच श्रवण, असा तोवरचा समज होता. आपल्याकडच्या दवाखान्यांत तो आजही पूर्ण गेलेला नाही.

तिघांत सगळ्यांत कमनशिबी ऐरण. हातोडीला पडद्यानं धरून ठेवलेलं असतं, शिवाय तिला एक स्नायू आणि काही बंध आहेत. रिकीब एका गोल बंधानं आतल्या कानाच्या अंडाकृती खिडकीत बसवलेली असते आणि तिलाही स्वतःचा स्नायू आहे. मधली ऐरण मात्र दोघींच्या आधारानं लोंबकळते. तिची लांब दांडी खाली येऊन रिकिबीला जिथे टेकते तो सांधा अगदी नाजूक असतो, आणि त्या दांडीच्या टोकाचा रक्तपुरवठाही तोकडा. डोक्याला जोराचा दणका बसला की कवटी क्षणभर वाकते, कानातले दोन्ही स्नायू एकदम आकसून हाडांना वेगवेगळ्या दिशांना ओढतात आणि ऐरण निसटते.

१९६८ मध्ये अमेरिकेतल्या हफ आणि स्टुअर्ट यांनी डोक्याला मार लागलेल्या आणि नंतर कान उघडून पाहिलेल्या रुग्णांची जी टक्केवारी दिली, ती आजही पाठ्यपुस्तकांत उद्धृत होते. ऐरण आणि रिकीब यांच्यातला सांधा ८२ टक्के कानांत सुटलेला होता, ऐरण जागेवरून पूर्ण हललेली ५७ टक्क्यांत, रिकिबीच्या कमानी मोडलेल्या ३० टक्क्यांत, हाडं वरच्या पोकळीत चिकटून जखडलेली २५ टक्क्यांत आणि हातोडी मोडलेली ११ टक्क्यांत. बेरीज शंभराच्या पुढे जाते, कारण एकाच कानात दोन-तीन गोष्टी मोडतात. हे सगळे शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलेले रुग्ण होते, ही मर्यादा मात्र आकडे वाचताना विसरू नये. ज्यांचं आपोआप सुधारलं ते या हिशेबात नाहीत.

आता इथल्या रस्त्यांकडे पाहिलं तर प्रश्नाचा आकार कळतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसं दगावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. जखमींतल्या किती जणांच्या कानशिलाच्या हाडाला तडा गेला, याचा वेगळा रकाना त्या अहवालात नाही. पण हेल्मेटशिवाय बाजूवर पडलेला दुचाकीस्वार आणि त्याच्या कानातून आलेलं रक्त हे दृश्य कुठल्याही जिल्हा रुग्णालयातल्या अपघात विभागाला नवं नाही.

कानशिलाच्या हाडाचे तडे जुन्या पद्धतीनं उभे आणि आडवे असे मोजले जात. बाजूनं मार बसला की तडा हाडाच्या लांबीला समांतर जातो. बहुसंख्य तडे या जातीचे असतात. त्यांत कानाच्या नळीची कातडी आणि पडदा फाटतो, रक्त वाहतं आणि हाडांची साखळी विस्कटते. डोक्याच्या मागून किंवा पुढून मार बसला तर तडा आडवा जातो, आतला कान भेदतो आणि नसेचा बहिरेपणा व गरगर देतो. चेहऱ्याची नस आडव्या तड्यात जवळपास निम्म्या रुग्णांत दुखावते, उभ्यात पाचांपैकी एखाद्यात. ही विभागणी शिकवायला सोपी, पण प्रत्यक्षातले तडे तिरपे-तारपे असतात. म्हणून हल्ली आतल्या कानाचं कठीण कवच वाचलं की फुटलं, एवढंच विचारलं जातं. रुग्णाच्या दृष्टीनं हा प्रश्न जास्त कामाचा आहे. कवच वाचलं असेल तर राहिलेला बहिरेपणा बहुधा रक्ताचा, पडद्याचा किंवा हाडांचा असतो, म्हणजे दुरुस्त होण्याजोगा.

अपघाताखेरीज इतर कारणंही घरगुतीच आहेत. कानकोरणं, आगपेटीची काडी, हेअरपिन, पेनाचं टोपण आणि कापूस गुंडाळलेली काडी. ही शेवटची काडी १९२० च्या दशकात अमेरिकेत लिओ गेर्स्टेनझांग यानं बाजारात आणली. आज बऱ्याच पाकिटांवर ती कानाच्या नळीत घालू नये असं छापलेलं असतं आणि ती तिथेच घातली जाते. काडी कानात असताना कोणाचा धक्का लागला, मूल अंगावर येऊन आदळलं, कोपर दाराला लागलं की ती आत घुसते. पडद्याच्या मागच्या-वरच्या भागामागे ऐरणीची दांडी आणि रिकीब असते. काडी तिथे लागली तर पडद्याचं भोक ही त्यातली सगळ्यांत किरकोळ इजा ठरू शकते.

मग कानफटात. मारणारे बहुतेक उजव्या हाताचे, त्यामुळे समोरच्याचा डावा कान जास्त वेळा फुटतो. यात बहुधा फक्त पडदा फाटतो आणि अशा ताज्या भोकांपैकी साधारण ८० टक्के काही आठवड्यांत आपोआप भरतात. स्फोटाचंही तसंच. हवेच्या दाबाला शरीरातला कुठलाच अवयव कानाइतका लवकर बळी पडत नाही. सुमारे ३५ किलोपास्कलच्या लाटेपासून पडदे फाटू लागतात. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. बंद डब्यातल्या त्या दाबानं वाचलेल्यांपैकी अनेकांच्या कानांचे पडदे फाटले होते. स्फोटात हाडांची साखळी तुटणं पडदा फाटण्यापेक्षा पुष्कळ कमी आढळतं, पण आढळतं. आणि जखमींची रांग लागलेली असताना ते शोधायला कोणाला सवड नसते, हेही समजण्यासारखं आहे. वीज पडणं, वेल्डिंगची ठिणगी कानात उडणं आणि आधीच्या शस्त्रक्रियेत साखळीला लागलेला धक्का, ही आणखी काही कारणं.

निदानाकडे वळताना पहिली गोष्ट घाईची. काही खुणा दिसल्या तर थांबायचं नसतं. कानाला इजा झाल्यावर भोवळ, ओकाऱ्या, डोळ्यांची बुबुळं आपोआप एका बाजूला सरकत राहणं आणि ऐकू येणं वेगानं कमी होणं, असं एकत्र आलं तर रिकीब आत ढकलली गेल्याची शंका घ्यावी लागते. तिच्याभोवतीचा बंध फाटला की आतल्या कानातला द्रव गळू लागतो. सीटीमध्ये आतल्या कानात हवेचे बुडबुडे दिसले तर शंका पक्की होते. अशा रुग्णाला डोकं उंच ठेवून पडून राहायला सांगतात, नाक शिंकरणं आणि कुंथणं बंद करतात आणि गरज पडल्यास लवकर कान उघडून गळती बुजवतात. आत रुतलेली रिकीब ओढून काढण्याचा मोह शल्यचिकित्सकानं टाळायचा असतो, कारण तिच्याबरोबर उरलेलं श्रवणही जाऊ शकतं. दुसरी खूण म्हणजे अपघातानंतर लगेच पूर्ण वाकडा झालेला चेहरा. तिसरी, कानातून किंवा नाकातून ठिबकणारं पाण्यासारखं द्रव. ते मेंदूभोवतीचं पाणी आहे का, हे बीटा-२ ट्रान्सफेरिनच्या चाचणीनं ठरवता येतं. ही गळती पुष्कळदा आठवड्याभरात विश्रांतीनं थांबते. तोवर कानात थेंब घालायचे नाहीत आणि कापसाचा बोळाही कोंबायचा नाही.

यांपैकी काही नसेल तर थांबणंच शहाणपणाचं. मार लागल्यावर मधल्या कानात रक्त साठतं आणि तेवढ्यानंच ३०-४० डेसिबल ऐकू कमी येतं. पडद्यामागे निळसर काळोख दिसत असताना हाडांविषयी निवाडा देता येत नाही. सहा ते आठ आठवड्यांत रक्त शोषलं जातं, पडदा भरतो आणि बहुसंख्यांचं श्रवण परत येतं.

नेमकं इथेच रुग्ण हातातून सुटतो. पाय मोडलेला असतो, डोक्याला टाके असतात, कामावर जायची घाई असते. कानाकडे लक्ष जातं तेव्हा सहा महिने किंवा सहा वर्षं उलटलेली असतात. ‘अपघातापासून या कानानं फोन ऐकू येत नाही,’ असं रुग्ण बोलता बोलता सांगतो आणि मग तपासणी सुरू होते.

ती तपासणी फार महागडी नाही. ५१२ हर्ट्झचा नादकाटा हे आजही पहिलं हत्यार. वेबरची १८३४ ची आणि रिनंची १८५५ ची चाचणी, दोन्ही मिळून दोन मिनिटांत होतात. नादकाटा कपाळावर ठेवला आणि आवाज दुखऱ्या कानात जास्त ऐकू आला, तर दोष बहुधा वाटेत आहे, नसेत नाही. कानामागच्या हाडावर ठेवलेला नादकाटा कानासमोर धरलेल्यापेक्षा जास्त ऐकू आला, तर त्याला दुजोरा मिळतो. अशा रुग्णाला स्वतःचा आवाज आणि चावण्याचा कुरकुर आवाज त्या कानात मोठा वाटतो. गोंगाटात इतरांपेक्षा बरं ऐकू येतं, असंही काही जण सांगतात. हे सतराव्या शतकात थॉमस विलिसनं नोंदवून ठेवलं आहे.

त्यानंतर ऑडिओमेट्री. हवेतून आणि हाडातून ऐकू येण्याच्या पातळ्या वेगवेगळ्या मोजतात आणि दोन्हींमधली तफावत पाहतात. पडदा भरला आहे, दोन-तीन महिने झाले आहेत आणि तफावत ३०-४० डेसिबलच्या वर टिकून आहे, तर साखळी तुटली असं धरून चालावं. ही तफावत ६० च्या जवळ असेल तर शंकेला जागा उरत नाही. सांधा अर्धवट सुटून मध्ये तंतूंचा दोर राहिला असेल तर चित्र फसवं असतं. खालचे स्वर ठीक, वरचे स्वर कमी. हाडातून ऐकण्याची पातळी मोजलीच नाही तर हाच आलेख वयामुळे आलेल्या नसेच्या बहिरेपणासारखा दिसतो आणि रुग्णाच्या हातात श्रवणयंत्राची चिठ्ठी पडते.

इम्पीडन्स चाचणीत पडद्याच्या ढिलेपणाचा आलेख निघतो. तुटलेल्या साखळीच्या कानात तो उंच टोकाचा येतो. जर्गरच्या वर्गवारीत त्याला ‘एडी’ म्हणतात. मात्र नुसता भरून पातळ झालेला पडदाही असाच आलेख देतो, तेव्हा एकट्या त्यावर विसंबू नये. मोठा आवाज कानावर पडला की रिकिबीचा स्नायू आकसतो. साखळी तुटली की हा प्रतिसाद नोंदला जात नाही. याला एक सुरेख अपवाद आहे. रिकिबीच्या कमानी स्नायू चिकटतो त्या जागेच्या आतल्या बाजूला मोडल्या, तर बाहेरची साखळी सलग असल्यानं प्रतिसाद येतो आणि ऐकू मात्र येत नाही. एका साध्या चाचणीतून मोड कुठे आहे याचा असा अंदाज बांधता येतो, तेव्हा यंत्रांपेक्षा विचार करणाऱ्याचं कौतुक वाटतं.

राहिला सीटी. अपघात विभागात काढलेला सीटी मेंदूतला रक्तस्राव शोधण्यासाठी असतो. त्याच्या चकत्या जाड, आणि वाचणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे. कानाच्या हाडांसाठी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या पातळ चकत्या लागतात. आडव्या छेदात हातोडीचं डोकं आणि ऐरणीचं अंग कोनावर ठेवलेल्या आईस्क्रीमच्या गोळ्यासारखं दिसतं, असं क्ष-किरणतज्ज्ञच म्हणतात. गोळा कोनावरून घसरला की सांधा निखळला. ऐरण मोठ्या प्रमाणात हललेली असेल तर ती सहज दिसते. कधी तर ती कानाच्या नळीतच येऊन पडलेली असते. पण ऐरण आणि रिकीब यांच्यातली केसाएवढी फट किंवा रिकिबीच्या कमानीची मोड सीटीत निसटू शकते. म्हणून ‘सीटी नॉर्मल आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. आलेख एक सांगत असेल आणि चित्र दुसरं, तर कानाच्या बाबतीत आलेखावर विश्वास ठेवावा. शेवटचा निकाल पडदा उचलून आत पाहिल्यावरच लागतो.

पडदा उचलण्याची ही कला १९५० च्या दशकात जर्मनीत बहरली. त्याआधी कानाची शस्त्रक्रिया म्हणजे पू मेंदूकडे जाऊ नये म्हणून हाड कोरणं. जीव वाचला की पुरे, ऐकू येण्याची अपेक्षा नव्हती. प्रतिजैविकं आली, १९५३ मध्ये त्साइस कंपनीचा शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक आला आणि वुलस्टाइन व झ्योल्नर यांनी मधला कान पुन्हा उभारण्याची पद्धत बसवली. मे १९५६ मध्ये मेम्फिस इथे जॉन शे यानं वेगळ्याच आजारात जखडलेली रिकीब काढून तिथे टेफ्लॉनची बसवली. कृत्रिम हाडानंही ऐकू येतं हे त्यातून पक्कं झालं.

त्यानंतरचा इतिहास म्हणजे कानात काय टिकतं, याची लांबलेली परीक्षा. वुलस्टाइननं वापरलेलं प्लास्टिक बाहेर फेकलं गेलं. १९५७ मध्ये हॉल आणि रिट्झनर यांनी रुग्णाचंच हाड दुसऱ्या जागी बसवलं. १९६६ मध्ये लॉस एंजेलिसच्या हाउस आणि सहकाऱ्यांनी मृत दात्याची ऐरण वापरली. ती पद्धत चांगली चालली, पण पुढे एचआयव्ही आणि मेंदूच्या प्रायॉन आजाराच्या भीतीनं मागे पडली. १९७० च्या दशकात सच्छिद्र प्लास्टिक, १९८० च्या दशकात हाडातल्याच खनिजापासून केलेलं हायड्रॉक्सिॲपेटाइट, १९९० च्या दशकात टायटॅनियम, अशी रांग लागली. हाडं चिकटवण्याचं सिमेंटही आलं. त्यात एक धडा लपलेला आहे. ॲल्युमिनियम असलेलं एक सिमेंट १९९० च्या दशकात युरोपात मेंदूच्या पाण्याशी संपर्क येणाऱ्या शस्त्रक्रियांत वापरलं गेलं आणि रुग्णांच्या मेंदूला विषबाधा झाली. कोरड्या मधल्या कानात, बेताच्या प्रमाणात, आजची सिमेंटं उपयोगी पडतात. पण जिथे मेंदूचं आवरण उघडं असेल तिथे हात आखडता घ्यायचा, हे तेव्हापासून ठरलं.

आज शस्त्रक्रिया होते ती अशी. कानाच्या नळीतल्या कातडीला छेद देऊन पडद्याची मागची बाजू उचलतात. आडवं येणारं थोडं हाड खरवडतात आणि सांधे एकेक करून हलवून पाहतात. आपल्याकडे हे काम पुष्कळदा जागा बधिर करूनच होतं. रुग्ण जागा असतो आणि साखळी जोडल्यावर टेबलावरच ‘आता ऐकू येतंय’ म्हणू शकतो. हातोडी आणि ऐरण यांच्यामधून चवीची एक नस जाते. ती ताणली गेली तर काही आठवडे जिभेला धातूसारखी चव येते. रुग्णाला हे आधी सांगितलेलं बरं.

सांधा नुसता सैल असेल तर कूर्चेचा तुकडा किंवा सिमेंटचा थेंब पुरतो. ऐरण निखळलेली असेल तर ती मूळ जागी ठेवून भागत नाही. ती पुन्हा घसरते किंवा जखडते. त्यापेक्षा ती बाहेर काढायची, बारीक ड्रिलनं तिला खाच पाडायची आणि हातोडीची दांडी व रिकिबीचं डोकं यांच्यामध्ये बसवायची. हाड रुग्णाचंच, किंमत शून्य, शरीर ते नाकारत नाही. ऐरण सापडलीच नाही किंवा तुकडे झाले, तर टायटॅनियमचा जोड. हा अवघा काही मिलिग्रॅमचा असतो. रिकिबीच्या डोक्यावर बसणारा छोटा, आणि कमानी मोडल्या असतील तर थेट तळावर उभा राहणारा लांब. पडदा आणि धातू यांच्यामध्ये कूर्चेची पातळ चकती घालतात, नाहीतर धातू पडद्यातून बाहेर येऊ पाहतो. आंघोळीत मोडलेल्या हातोडीच्या दांडीला सिमेंटनं सांधतात किंवा ती बाजूला ठेवून पडद्यापासून रिकिबीपर्यंत जोड देतात.

टायटॅनियम म्हणजे उत्तम आणि स्वतःचं हाड म्हणजे गरिबाची सोय, असा एक समज शहरांतल्या दवाखान्यांतून पसरला आहे. त्याला फारसा आधार नाही. निकाल ठरतो तो हातोडी आणि रिकिबीच्या कमानी शिल्लक आहेत का, यावर. ऑस्टिननं १९७१ मध्ये केलेली वर्गवारी याच दोन प्रश्नांवर उभी आहे. दोन्ही असतील तर कुठल्याही चांगल्या साधनानं उत्तम निकाल मिळतो, दोन्ही नसतील तर महागातलं साधनही अडखळतं. आणखी एक दिलासा असा की मारानं तुटलेल्या कानाचा निकाल वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानापेक्षा चांगला लागतो. आतलं अस्तर निरोगी असतं, नाकाकडून कानाला हवा पोहोचवणारी नळी काम करत असते. तफावत २० डेसिबलच्या आत आली की शस्त्रक्रिया यशस्वी मानतात, आणि या रुग्णांत ते बहुतेक वेळा साधतं.

शस्त्रक्रिया नकोच असेल किंवा तो एकच ऐकणारा कान असेल, तर श्रवणयंत्र हा सन्मान्य पर्याय आहे. आतला कान शाबूत असल्यानं या रुग्णांना यंत्राचा फायदाही छान होतो. हाडातून आवाज पोहोचवणारी, स्क्रूवर बसणारी यंत्रं १९७७ पासून आहेत. ती महाग असल्यानं इथे क्वचितच वापरली जातात. ज्यांच्या कानात जोड बसला आहे त्यांनी त्याचं कार्ड जपून ठेवावं. टायटॅनियमला एमआरआयचं भय नाही, पण १९८७ च्या सुमारास रिकिबीच्या जागी बसवायच्या एका जोडाची चुंबकाकडे ओढली जाणारी खेप निघाली होती. तेव्हापासून एमआरआय करणारे कानातल्या धातूविषयी विचारतात.

या दुखापतीला कायद्याचीही बाजू आहे. कोणत्याही एका कानाचं श्रवण कायमचं जाणं ही भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० नुसार गंभीर दुखापत होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती तरतूद कलम ११६ मध्ये आहे. शाळेत मुलांना मारणं तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं २०१० पासूनच बंद केलं आहे. त्यामुळे कानफटात मारल्याच्या तक्रारीत डॉक्टरांच्या दाखल्याला वजन येतं. ‘कायमचं’ हा शब्द मात्र पहिल्या दिवशी लिहिता येत नाही. ताजं भोक भरू शकतं, तुटलेली साखळी जोडता येते. पहिल्या दिवसाचा आलेख आणि तीन महिन्यांनंतरचा आलेख, दोन्ही लागतात. कोणी बहिरेपणाचं सोंग घेत असेल तर स्टेंगरची चाचणी किंवा मेंदूच्या लहरी मोजणारी बेरा चाचणी ते उघड करते. आणि सोंग समजून हाकललेला माणूस खरा निघाला, तर तेही याच चाचण्यांतून कळतं.

सुविधा अगदीच नाहीत असं नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून श्रवणतज्ज्ञ घडवते आहे. बहिरेपणा रोखण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून २००७ पासून जिल्हा रुग्णालयांना ऑडिओमीटर देण्याची योजना आहे. मधल्या कानात हात घालणारे शल्यचिकित्सक पुण्या-मुंबईखेरीज नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, पणजी इथेही आहेत. कमी आहे ती एका ओळीची. डोक्याला मार लागून घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या यादीखाली ‘आठ आठवड्यांनी ऑडिओमेट्री करून कान-नाक-घसा विभागात दाखवणे’ एवढं छापलेलं असावं. ते छापलेलं नसेल तर रुग्णानं किंवा त्याच्या घरच्यांनी तारीख स्वतः लिहून घ्यावी आणि त्या दिवशी हाडातून ऐकण्याची पातळीही मोजून मागावी.